खिडकी बदलली की वेलांटी हलते

पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकापासून हाकेच्या अंतरावर, एका जुन्या वाड्याच्या पोटमाळ्यावर डीटीपीचं दुकान आहे. जिना इतका उभा की चढताना हात आपोआप दोराकडे जातो. वर दोन टेबलं. एकावर सपाट काळा मॉनिटर, त्यात विंडोज ११. दुसऱ्यावर कधीकाळी पांढरा असलेला आणि आता तुपासारखा पिवळा पडलेला कॅबिनेट. त्याच्या कपाळावर दसऱ्याच्या कुंकवाची बोटं, फटीत झेंडूची एक वाळकी पाकळी. त्यात विंडोज एक्सपी. मागच्या बाजूला प्रिंटरच्या त्या रुंद, पंचवीस भोकांच्या पोर्टात काडेपेटीएवढा ठोकळा खोचलेला. हे मराठी सॉफ्टवेअरचं ‘लॉक’. ठोकळा काढला की मशीनला मराठी येत नाही.

“मग हा नव्या मशीनला लावा की,” मी म्हणालो.

“सर, नव्याला भोकच नाही,” दुकान चालवणाऱ्या ताई म्हणाल्या.

ताई १९९६ पासून कंपोझिंग करतात. मराठी चाळीसची परीक्षा त्यांनी टाइपरायटरवर दिलेली. त्यामुळे बोटं रेमिंग्टनची, आणि ती कुठल्याही विंडोजला बदलता आलेली नाहीत. दुकानाचा नियम त्यांनी पहिल्याच भेटीत सांगून टाकला होता: जुन्या मशीनला नेट नाही, त्याचं तोंड फक्त पेन ड्राइव्हनं उघडायचं, तेही त्यांनीच. त्यात वीस-बावीस वर्षांचा मजकूर आहे. दिवाळी अंक, लग्नपत्रिका, पीएचडीचे प्रबंध, वास्तुशांतीची निमंत्रणं, श्रद्धांजलीच्या जाहिराती. ज्यांच्या लग्नाच्या पत्रिका तिथे झाल्या, त्यांच्या मुलांच्या मुंजीच्या पत्रिकाही तिथेच.

मी गेलो होतो काकांच्या पुस्तकासाठी.

काका पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. सगळी नोकरी भंडारदऱ्याच्या पाण्यावर, प्रवरेच्या कालव्यांवर गेली. १९९९ साली त्यांच्या पंच्याहत्तरीला आम्ही त्यांच्या आठवणींचं एकशे चाळीस पानांचं पुस्तक घरगुती छापलं. ते मीच टाईप केलं होतं, रात्री जागून, तेव्हा नव्याच आणलेल्या विंडोज ९८ च्या मशीनवर. आता काका नाहीत, प्रती संपल्या, आणि जन्मशताब्दी उलटून वर्ष झाल्यावर घरच्यांना दुसरी आवृत्ती काढायची आठवण झाली. “तुझ्याकडे फाईल असेलच ना?” असं चुलतभावानं फोनवर सहज विचारलं. होती. फ्लॉपीवरून सीडीवर, सीडीवरून पेन ड्राइव्हवर, एका घरातून दुसऱ्या घरात, जपून आणलेली. डबल क्लिक केली, उघडली. आणि पहिल्या पानावर काकांच्या नावाच्या जागी डोक्यावर टोपी घातलेला रोमन ई, दोन टिंबं घेतलेला यू, पौंडाची खूण, एक उलटं प्रश्नचिन्ह. एकशे चाळीस पानं असंच.

फाईल बिघडलेली नव्हती. एकही अक्षर हरवलं नव्हतं. ते मराठी आहे, हे सांगणारं कुणी त्या मशीनवर उरलं नव्हतं, एवढंच.

विंडोजच्या कटकटींबद्दल लिहायचं तर सगळ्यांचं काहीतरी असतंच. मशीन हँग होतं, ऐन घाईत अपडेट लागतं, काल चालणारा प्रिंटर आज ओळख दाखवत नाही. पण या गोष्टी जगात सगळीकडे सारख्याच. आपल्या वाट्याला एक जादा आली. इंग्रजी माणसाचा संगणक बदलला की त्याची बटणं हलली. आपला बदलला की वेलांटी हलली. १९९५ मध्ये इंग्रजीत लिहिलेली साधी चिठ्ठी आज कुठल्याही संगणकावर उघडते. त्याच साली मराठीत लिहिलेली उघडेलच असं नाही. आणि ही तक्रार मी कुठल्या एका कंपनीच्या नावानं करू शकत नाही, कारण त्या काळात सगळेच एकाच अडचणीतून आपापली पळवाट काढत होते.

अडचण अशी. तेव्हाच्या फॉन्टात जागा २५६. त्यातल्या बऱ्याचशा रोमन अक्षरं, आकडे आणि मशीनच्या अंतर्गत खुणा यांनी अडवलेल्या. मराठीला त्यात कुठे बसवायचं? तर रोमन अक्षरांच्याच खुर्च्यांवर. देवनागरीचे तुकडे पाडले: काना वेगळा, अर्धा क वेगळा, रफार वेगळा, वेलांटीचे तर लहान-मोठे दोन-तीन प्रकार, कारण ‘कि’ची वेलांटी ‘क्ति’ला पुरत नाही. हे तुकडे एकेका रोमन अक्षराच्या जागी नेऊन बसवले. संगणकाच्या लेखी तुम्ही पौंडाची खूणच टाईप करत होता, ती फक्त मराठी वेष घालून पडद्यावर यायची. आणि प्रत्येक सॉफ्टवेअरवाल्यानं आपापल्या सोयीनं खुर्च्या वाटल्या. एकाचा काना दुसऱ्याच्या घरी गेला की तिथे ‘ठ’ व्हायचा. सी-डॅकचं आयएसएम, मॉड्युलरची श्रीलिपी, आकृती, शिवाजी: ज्या मजकुराला जो फॉन्ट, त्यालाच तो वाचता यायचा. फॉन्ट गेला की लिपी गेली.

त्यातून सॉफ्टवेअर महाग, म्हणून त्याला लॉक. लॉकला ड्रायव्हर लागतो, ड्रायव्हर त्या-त्या विंडोजसाठी लिहिलेला असतो. विंडोज बदललं की ड्रायव्हर ओळखीचा राहत नाही, ड्रायव्हर नसला की लॉक दिसत नाही, लॉक दिसलं नाही की सॉफ्टवेअर उघडत नाही, आणि सॉफ्टवेअर उघडलं नाही की काका वाचता येत नाहीत. ताईंच्या दुकानातला तो पिवळा कॅबिनेट एवढ्यासाठी जिवंत आहे.

विंडोज ९८ चं मात्र मला अजून थोडं प्रेम आहे. ते बंद करणं हाही एक विधी होता. शट डाऊन म्हटलं की ते विचारात पडायचं, मग काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरं यायची: आता संगणक बंद करायला हरकत नाही. मग आपण उठून बटण दाबायचं. ही अक्षरं यायच्या आधी वीज गेली, तर पुढच्या वेळी निळा पडदा, स्कॅनडिस्कची सरकणारी पट्टी आणि वर सूचना, की असं पुन्हा दिसायला नको असेल तर मशीन नीट बंद करत जा. वीज गेलेली असायची आणि बोलणी मला. काकांच्या पुस्तकातली ‘दुष्काळ’ या प्रकरणाची अकरा पानं मी अशी दोनदा टाईप केली आहेत.

याच विंडोज ९५ आणि ९८ मध्ये एक दोष होता, तो मला फार आवडतो. मशीन सुरू होऊन किती मिलिसेकंद झाले हे मोजणारा आकडा ३२ बिटांचा होता. तो ४९ दिवस आणि १७ तासांनी भरायचा, पुन्हा शून्यावर यायचा, आणि मशीन जागच्या जागी थिजायचं. हे उघडकीला आलं १९९९ मध्ये. विंडोज ९५ तर ऑगस्ट १९९५ मध्येच बाजारात आलेलं. चार वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण तितके दिवस ते मध्ये न पडता चालवलेलंच फारसं कुणी नव्हतं. आमच्या घरात तर एकोणपन्नास दिवस कुठलीही विजेची वस्तू सलग चालू ठेवली असती तर आजीनं मेन स्विचच बंद केला असता.

लिपीचा खरा मार्ग निघाला तो फेब्रुवारी २००० मध्ये आलेल्या विंडोज २००० मध्ये. देवनागरी पहिल्यांदा विंडोजच्या पोटात आली, युनिकोडच्या रूपात. जगातल्या प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक. आता ‘क’ म्हणजे ‘क’च, कुणाच्या उसन्या खुर्चीवर बसलेला नाही. तो पडद्यावर दिसायला फॉन्ट हवा, तो होता ‘मंगल’. सरकारी पत्रकांतून, परीक्षेच्या अर्जांतून, बँकेच्या नोटिशींतून आपण वर्षानुवर्षं ज्या अक्षरांत मराठी वाचलं, ती अक्षरं र. कृ. जोशींनी आखलेली आहेत. कवी, सुलेखनकार, लघुनियतकालिकांच्या काळात अक्षरांचीच कविता करू पाहणारे, आणि पवईच्या आयआयटीत शिकवणारे हे जोशी २००८ मध्ये गेले. मंगल पाहून नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत. मीही मुरडतो, ओळींमधलं अंतर पाहून तर हमखास. पण इतक्या ठेंगण्या पडद्यावर, इतक्या मोजक्या ठिपक्यांत जोडाक्षर वाचता येईल असं उभं करणं हे काम किती अवघड होतं, ते ताईंनी एकदा अक्षर मोठं करून दाखवलं तेव्हा कळलं.

मार्ग निघाला म्हणून लगेच गाडी लागली असं मात्र नाही. ऑक्टोबर २००१ मध्ये एक्सपी आलं, आणि त्यात मराठी होती, पण झोपलेली. तिला उठवायला कंट्रोल पॅनलमध्ये जायचं, रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स उघडायचं, दुसऱ्या टॅबवर जाऊन एका चौकोनात खूण करायची. त्या चौकोनापुढे लिहिलेलं असायचं की गुंतागुंतीच्या आणि उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या लिप्यांसाठी, थाईसकट. मराठीचं नाव कुठे नाही. मराठी हवी असेल तर अरबी आणि थाईच्या रांगेत उभं राहायचं. खूण केली की मशीन म्हणायचं, एक्सपीची सीडी घाला. सीडी कुणाकडे असायची? मशीन जोडून देणाऱ्या मुलाकडे. त्याला फोन करायचा. तो ‘संध्याकाळी येतो’ म्हणायचा आणि परवा यायचा. तोपर्यंत मराठी मजकुराच्या जागी चौकोनी डबे. “डबे दिसतायत” हा त्या दशकातल्या मराठी संगणकाचा सर्वांत जास्त बोलला गेलेला शब्दप्रयोग असावा.

हा मुलगा म्हणजे एक स्वतंत्र संस्था. विंडोज हे आपल्याकडे कुणी ‘विकत घेतलं’ असं फार क्वचित झालं. विंडोज ‘टाकून घेतलं’ किंवा ‘मारून घेतलं’. पुण्यात बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्ल्यांत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला, आणि तालुक्याच्या गावी एसटी स्टँडसमोरच्या गाळ्यात तो असतो. खांद्याला सॅक, सॅकमध्ये स्क्रूड्रायव्हर, ब्रश आणि सीड्यांचं पाकीट. हल्ली पेन ड्राइव्हचा जुडगा. कुठलीही तक्रार सांगा, तो दोन मिनिटं पडद्याकडे बघतो आणि म्हणतो, “फॉरमॅट मारायला लागेल.” सी ड्राइव्हमध्ये काही ठेवलंय का, असं तो विचारतोही, पण तोवर त्याचं बोट एंटरवर गेलेलं असतं. एक्सपीच्या काळात एफसीकेजीडब्ल्यू या अक्षरांनी सुरू होणारी पंचवीस अक्षरांची फुटलेली किल्ली अशा मुलांना तोंडपाठ होती. मोबाइल नंबर आठवायला ते डायरी बघायचे. पुढे कंपनीनं तपासणी आणली, आणि २००८ मध्ये नक्कल ओळखल्यावर दर तासाला पडद्याची पार्श्वभूमी काळी करायला सुरुवात केली. त्या तासाच्या ठोक्याला एक्सपीची हिरवी टेकडी नाहीशी व्हायची.

त्या टेकडीचंही सांगायला हवं. चार्ल्स ओ’रिअर या छायाचित्रकारानं १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सोनोमा परगण्यात रस्त्याकडेला थांबून तो फोटो काढला. हिवाळी पावसानंतरचं गवत आहे ते. पण आपल्याकडे ज्यानं-ज्यानं तो पाहिला, त्याला तो श्रावणातला वाटला. ताईंच्या पिवळ्या मशीनवर अजून तीच टेकडी आहे. “बदलावंसं वाटलं नाही कधी,” त्या म्हणतात. खाली डाव्या कोपऱ्यात हिरवं स्टार्ट बटण, आणि ताईंचा हात तिथे न बघता जातो.

या न बघता जाणाऱ्या हाताचीच विंडोजच्या कारखान्यात कुणाला फिकीर नसावी. २००७ ची व्हिस्टा पानभर शिव्यांच्या लायकीची, पण ती आपल्याकडे फार कुणी टिकवून घेतलीच नाही. २००९ ची सेव्हन सगळ्यांची लाडकी झाली. आणि २०१२ च्या ऑक्टोबरात विंडोज ८ आलं ते स्टार्ट बटणच काढून. सतरा वर्षं लोक ज्या कोपऱ्यात जात होते, तिथे काही नव्हतं. मशीन बंद करायचं तर उजव्या कडेला माउस नेऊन लपलेली पट्टी ओढायची, तिच्यात सेटिंग्ज, त्यात पॉवर, त्यात शट डाऊन. घरोघरी लोकांनी यावर सोपा तोडगा काढला: कॅबिनेटचं बटण पाच सेकंद दाबून धरायचं. पुढच्या वर्षी ८.१ मध्ये बटण परत आलं, पण ते दाबलं की जुना मेन्यू यायचा नाही; रंगीत फरशांनी भरलेला पूर्ण पडदा यायचा. खरा मेन्यू २०१५ मध्ये, विंडोज १० सोबत आला. मध्ये नऊ नावाचं विंडोज झालंच नाही. या १० नं वर्षभर फुकटात घरात शिरण्याचा असा आग्रह धरला की सूचनेच्या चौकटीवरची फुली दाबली तरी ती संमती धरली जाऊ लागली. कॅलिफोर्नियातल्या एका ट्रॅव्हल एजंटबाईंनी न मागता झालेल्या या बदलामुळे मशीन निकामी झालं म्हणून दावा लावला आणि १०,००० डॉलर मिळवले. आपल्याकडच्या कुणी असा दावा लावल्याचं माझ्या ऐकिवात नाही. आपल्याकडे तो सॅकवाला मुलगा येऊन सेव्हन पुन्हा मारून गेला.

११ मध्ये टास्कबारवरची चिन्हं मध्यभागी आली आणि टास्कबार तळाशीच खिळला. पूर्वी तो उचलून कडेला उभा करता यायचा. लांबलचक पानं लावणाऱ्यांना ते बरं पडायचं, कारण पडद्याची उंची वाचायची. ते गेलं. राईट क्लिकचा मेन्यू आखूड केला, आणि नेहमी लागणाऱ्या बऱ्याच गोष्टी ‘शो मोअर ऑप्शन्स’च्या आत ढकलल्या. ताईंनी याचा हिशेब केला नाही, पण दिवसातून पन्नासदा तो जादा क्लिक करताना त्या जे पुटपुटतात ते इथे छापता येणार नाही.

आणि मंगल? विंडोज १० पासून तो मुळात बसवलेला येत नाही. देवनागरीच्या पूरक फॉन्टांच्या गठ्ठ्यात, कोकिळा, उत्साह आणि अपराजिता यांच्याबरोबर, तो मागवावा लागतो. एका कार्यालयातून आलेलं पत्रक ताईंनी मला दाखवलं. मंगलमध्ये ते बरोबर एका पानात बसवलेलं होतं. ताईंच्या नव्या मशीननं त्याच्या जागी निर्मला यूआय वापरला, ओळी वेगळ्याच ठिकाणी तुटल्या, आणि तक्त्यातला सहीचा रकाना नावांपासून दूर जाऊन पडला. दोन्ही मशीनवर युनिकोड, दोन्हीकडे शुद्ध मराठी. तरी सही भलत्याच माणसापुढे.

एवढं सगळं झाल्यावर वाटतं की जुनंच वापरावं. तेही तितकं सोपं नाही, आणि इथे मी कंपनीच्या बाजूनं थोडं बोलणार आहे. एक्सपीची डागडुजी ८ एप्रिल २०१४ ला थांबली. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाची खंडणीखोर भानगड पसरली, ती मुख्यतः दुरुस्ती न लावलेल्या विंडोजमधूनच. ती इतकी पसरली की कंपनीला तीन वर्षांपूर्वी सोडून दिलेल्या एक्सपीसाठीही मुद्दाम दुरुस्ती काढावी लागली. पुढच्याच महिन्यात ‘नॉटपेट्या’नं मर्स्क या जहाज कंपनीला धरलं, आणि तिच्याच समूहानं चालवलेल्या न्हावाशेव्याच्या एका टर्मिनलचं काम अडलं. कंटेनर उरणच्या रस्त्यावर, आणि कारण कुठल्यातरी दूरच्या संगणकातून शिरलेली भानगड. ताईंनी वायर काढून ठेवली ती काही अंधश्रद्धेनं नाही.

तरीही १४ ऑक्टोबर २०२५ ही तारीख मला पचली नाही. वसुबारसेच्या तीन दिवस आधी विंडोज १० ची डागडुजी थांबली. ११ वर जायचं तर मशीनमध्ये टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप हवी आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर, म्हणजे २०१७ च्या अखेरीपासूनचा. त्याआधीचं मशीन कितीही धडधाकट असो, दारातच अडवलं जातं. कॅनालिस या बाजाराचा अभ्यास करणाऱ्या संस्थेनं अशी सुमारे चोवीस कोटी मशीन भंगारात जातील असा अंदाज केला होता. एक वर्षाची मुदतवाढ देऊ केली गेली. तीस डॉलर भरा, किंवा कंपनीच्या खात्यात शिरून सेटिंग्ज तिच्याकडे ठेवा. युरोपातल्या लोकांना ग्राहक संघटनांच्या रेट्यामुळे ती बिनपैशांची मिळाली. ताईंच्या शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे २०१६ चं मशीन आहे. रोज दोनशे प्रिंटा काढतं. त्यानं त्या दसऱ्याला त्यालाही हार घातला. “डॉक्टरनं सोडलंय म्हणून काय घरच्यांनी सोडायचं?” असं तो मला म्हणाला. त्याच्यावर लोकांची आधार कार्डं आणि सातबारे उघडले जातात, हे आठवून मी हसता हसता थांबलो.

तर काका. ताईंनी पेन ड्राइव्ह घेतला, पिवळ्या मशीनला लावला, माझा १९९९ चा फॉन्ट त्यांच्या यादीत निघाला. फाईल उघडली. टोप्या आणि टिंबं गेली, आणि पडद्यावर काकांचं नाव आलं. मी काही बोललो नाही. ताईंनी दोन मिनिटं चहा सांगायला म्हणून खाली चक्कर मारली.

पुढचं काम कन्व्हर्टरचं: जुन्या खुर्च्यांवरचे तुकडे उचलून युनिकोडात नेणं. हे सगळं साधारण नव्वद-पंच्याण्णव टक्के बरोबर होतं, आणि उरलेल्यात माणूस म्हातारा होतो. आमच्या फाईलमध्ये घोळ झाला तो र चा. मराठीत ‘र्य’ दोन प्रकारचा. ‘सूर्य’, ‘कार्य’ यांतला रफार डोक्यावर. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्या’ यांतला आडवा, पापणीसारखा. हिंदीला दुसरा लागत नाही, म्हणून बऱ्याच कन्व्हर्टरांना तो ठाऊक नसतो. आणि काकांचं सगळं पुस्तक म्हणजे पाटकऱ्यांच्या, शेतकऱ्यांच्या, चाऱ्या आणि बंधाऱ्यांच्या गोष्टी. पानोपानी ‘शेतकर्यांनी बंधार्यावर’. वाचताना दाताखाली खडा यावा तसं.

“रिप्लेस ऑल करू,” मी म्हणालो. ताईंनी माझ्याकडे पाहिलं आणि न बोलता करून दाखवलं. शेतकऱ्यांचं भलं झालं. पण काकांचे साहेब ‘काऱ्यकारी अभियंता’ झाले, सूर्य ‘सूऱ्य’ झाला. कंट्रोल झेड.

शोधून एकेक करावं तर तिथेही मेख. नवी प्रस्तावना भाचीनं मोबाइलवर लिहून पाठवलेली. तिच्यातला आडवा र वेगळ्या क्रमांकांनी बनलेला: साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. ताईंच्या कीबोर्डवरचा आडवा र हा खाली टिंब असलेला वेगळाच र. दिसायला दोन्ही तंतोतंत एक. ‘शेतकऱ्यांना’ शोधलं की मशीन अर्धेच शेतकरी दाखवतं. पंचवीस वर्षांपूर्वी अक्षर एक आणि चेहरे अनेक होते. आता चेहरा एक आणि अक्षरं दोन.

म्हणून तीन दिवस मी पोटमाळ्यावर लाल पेन घेऊन बसलो. ताई डाव्या हाताला, प्रत्येक ‘र्य’ला थांबायचं. कार्यालय, बरोबर. दुसर्या, सुधार. पर्याय, बरोबर. पाटकर्यानं, सुधार. तिसऱ्या दिवशी दुपारी पान ७३ वर गाडी अडली. १९५० च्या दशकातला प्रसंग, ओझरच्या बंधाऱ्याजवळचा मुक्काम. त्याच प्रकरणात आचार्य अत्र्यांच्या सभेला सायकलवरून गेल्याची हकिगत आहे, आणि डाक बंगल्यावरच्या स्वयंपाक्याचीही. वाक्य होतं: त्या दिवशी आचार्यांनी फार उशीर केला, आणि आम्ही वाट पाहून कंटाळलो.

“सर, हे आचार्य का आचारी?”

मी पुढचं-मागचं वाचलं. दोन्ही बसत होतं. सभेला वक्ता उशिरा येतो, डाक बंगल्यावर जेवण उशिरा होतं. चुलतभावाला फोन लावला. मूळ वही त्याला कुठे ठेवली ते आठवेना.

ताई उठल्या. पिवळ्या मशीनवरचं प्लॅस्टिकचं कव्हर काढलं, बटण दाबलं. पंखा घरघरला, काळ्या पडद्यावर निळे ठोकळे डावीकडून उजवीकडे धावत राहिले, मग टेकडी आली. आम्ही दोघं उभेच होतो. फाईल उघडली, पान ७३, अक्षर दोनशे टक्के मोठं केलं.

आडवा होता.

“आचारीच,” ताई म्हणाल्या, आणि नव्या मशीनवर जाऊन त्यांनी तेवढा एक र बदलला.